राग खातं भाड्याने घेणाऱ्यावरच का?

जेवण घरपोच देणाऱ्या ॲपवर दुसऱ्याच्या नावाचं डिलिव्हरी खातं भाड्याने घेऊन काम करणाऱ्यांवर तुमच्या लेखात जो राग काढलाय, तो पटला नाही. ब्रिटनमध्ये स्वतःऐवजी दुसऱ्याला पाठवायची मुभा कंपन्यांनीच करारात दिली. ज्याला बदली माणूस पाठवता येतो, तो कायद्याने कामगार ठरणं अवघड, हे त्यांना पक्कं ठाऊक. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात डिलिव्हरू या जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीचे रायडर सामूहिक वाटाघाटीच्या (म्हणजे संघटनेमार्फत कंपनीशी बोलणी करण्याच्या) हक्काचा खटला हरले, त्यात हाच मुद्दा कळीचा होता. (बदली पाठवणारे प्रत्यक्षात मोजकेच होते, तरीही!)

आता त्याच फटीतून, काम करायची कागदपत्रं नसलेले लोक भाड्याच्या खात्यांवर शिरले म्हटल्यावर ॲपमध्ये सेल्फीने चेहरा पडताळणी आली. तिने काय होणार? खातेदार सेल्फी देतो आणि फोन पुन्हा दुसऱ्याच्या हातात. पैसे जमा होतात खातेदाराकडे. तो आपला वाटा कापून उरलेले देईल तेव्हा खरं. बुडवले तर राबणाऱ्याने तक्रार कुठे करायची? त्याचं नावच कुठे नाही. अपघात झाला तर विम्याचंही तेच.

दारात कोण येतंय हे ग्राहकाला कळायला हवं, मान्य. मग बदलीचं कलमच काढा आणि रायडरला कामगार म्हणा. त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.