रंग उडालेला नाही, तो दिलेलाच नव्हता

नमस्कार. झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा चकचकीत थर, नसलेल्या पांढऱ्या पोर्सिलीनच्या (चिनी मातीच्या) पुतळ्यांवरचा माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा अर्धवट सोडलेला माल आहे, संगमरवर न परवडणाऱ्यांसाठी केलेली नक्कल आहे, आणि ग्रीक पुतळे मुळात रंगवलेले असत, म्हणजे पांढरेपणाचं हे सगळं कौतुक गैरसमजावर उभं आहे. शिवाय आजोबांच्या कपाटातल्या अशाच एका पिवळट पुतळ्याला वॉर्निश मारायचा तुमचा विचार आहे. तो कृपा करून थांबवा. का, ते सांगते.

‘अर्धवट’ म्हणायला नावानेच वाव दिलाय, हे खरं. झिलई चढवण्याआधी एकदा भाजून घेतलेल्या पोर्सिलीनला बिस्किट म्हणतात. पण फ्रान्समधल्या व्हँसेनच्या कारखान्यात १७५० नंतर लगेचच पुतळे त्या पायरीवर मुद्दाम थांबवायला सुरुवात झाली. ज्याँ-जाक बाशेलिए तिथे कलेची बाजू पाहत होते. त्या काळच्या फ्रेंच मातीवर झिलई जाडसर बसायची. पापण्यांच्या कडा, बोटांमधली फट, वस्त्राच्या चुण्या, सगळं बुजून जायचं. झिलई काढली आणि शिल्पकाराचा हात दिसू लागला.

आणि हे काम सोपं नव्हतं. माती भट्टीत आकसते, मऊ पडते. पुढे केलेला हात खाली झुकू नये म्हणून त्याला त्याच मातीचे टेकू द्यावे लागतात, म्हणजे पुतळ्याबरोबर टेकूही तेवढेच आकसतात. एवढं करून बाहेर आलेल्या पुतळ्यावर काळा ठिपका किंवा बारीक तडा असेल तर तो झाकायला काहीच नाही. इंग्लंडमध्ये डर्बीच्या कारखान्यात निर्दोष निघालेले पुतळेच बिस्किट म्हणून विकत आणि डाग असलेल्यांवर झिलई आणि रंग चढवत. बिस्किटची किंमत रंगीत पुतळ्यांपेक्षा जास्त असे. अर्धवट माल कोणी जास्त पैसे देऊन घेईल का?

नकलेबद्दल. व्हँसेनचा कारखाना १७५६ साली पॅरिसजवळच्या सेव्ह्रला गेला. पुढच्याच वर्षी शिल्पकार एत्येन-मोरिस फाल्कोने तिथल्या शिल्पविभागाचे प्रमुख झाले. संगमरवर घडवणारा माणूसच इथे मातीचे नमुने करत होता. शिवाय हे पुतळे मांडले जात ते दरबारी मेजवानीत, गोड पदार्थांच्या वेळी, जिथे आधी साखरेचे पुतळे ठेवायची रीत होती. संगमरवराच्या आधी त्यांचं नातं साखरेशी आहे. मला या पुतळ्यांतली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

पॅरियनच्या, म्हणजे संगमरवरासारख्या दिसणाऱ्या बिनझिलईच्या पोर्सिलीनच्या बाबतीत मात्र तुमचा आक्षेप बरोबर बसतो. १८४० च्या दशकात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरमध्ये कोपलंड आणि मिंटन या कारखान्यांनी ही माती पुढे आणली, आणि नावच पडलं ते ग्रीसमधल्या पारोस बेटावरच्या संगमरवरावरून. मोठ्या शिल्पाची लहान प्रत काढायला बेंजामिन चेव्हर्टन यांचं यंत्र होतं. पण ही नक्कल कोणी लपवली नाही. आर्ट युनियन ऑफ लंडन ही कलासंस्था आपल्या वर्गणीदारांना असे पुतळे बक्षीस देई. जे शिल्प एरवी एखाद्या सरदाराच्या वाड्यात राहिलं असतं ते साध्या घराच्या दिवाणखान्यात आलं. यात कमीपणा कसला?

माझ्याकडे क्लायटीचा, म्हणजे ग्रीक कथेतल्या एका अप्सरेचा, एक लहान पॅरियन अर्धपुतळा आहे. फुलाच्या पाकळ्यांतून वर आलेली, मान किंचित कललेली स्त्री. मूळ संगमरवरी पुतळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं की पाकळीची कड साईसारखी उजळते, जरा आरपार दिसते. कानामागे साच्याची केसाएवढी बारीक शिवण आहे. ती कारागिराने घासली, पण पूर्ण गेली नाही. बोट फिरवलं की अजून लागते. झिलईखाली ती मला कधीच सापडली नसती.

ग्रीक रंगांबद्दल तुम्ही बरोबर आहात. अठराव्या शतकातले जर्मन कला-इतिहासकार विंकेलमान यांच्या लेखनाने पांढऱ्या पुतळ्यांची आवड पक्की केली, आणि १८१४ मध्ये फ्रेंच अभ्यासक कात्रमेर द कँसी यांनी प्राचीन शिल्पांतल्या रंगांवर सविस्तर लिहिल्यावरही ती ओसरली नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं. आज भर घालते.

आता तुमचा पुतळा. झिलई नसल्यामुळे धूळ, धूर आणि हाताचं तेल त्यावर धरून राहतं. म्हणूनच जुन्या घरांत हे पुतळे काचेच्या घुमटाखाली ठेवत. तुमचा पिवळटपणा बहुधा हाच मळ असेल. आधी मान, मनगटं, बोटं नीट पाहा. कुठे जुनं चिकटवलेलं असेल तर पाण्याला लावू नका, डिंक सुटतो. नसेल तर कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ब्लीच नको. धुताना पाठीवर किंवा बैठकीखाली मातीत दाबलेली अक्षरं दिसतात का पाहा, आणि दिसली तर इथेच कळवा.