काळा काउबॉय पडद्यावर येऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी

आपण अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचा, धुळीचा आणि पिस्तुलांचा चित्रपट काढणार असाल, तर पहिले पथ्य हे की इतिहासाचे पुस्तक उघडू नये. यादवी युद्धात टेक्सासचे मालक लढायला गेले तेव्हा मागे त्यांची गुरे गुलामांनीच राखली. १८६५ मध्ये ते मुक्त झाले आणि दोराचा फास टाकण्याचे, रानघोडे माणसाळवण्याचे कसब त्यांच्याच हाती असल्यामुळे, कॅन्ससच्या रेल्वे स्थानकांपर्यंत गुरे हाकत नेण्यासाठी त्यांना पगार देऊन बोलवावे लागले. इतिहासकारांच्या अंदाजाने दर चार काउबॉयांमागे एक काळा होता. हे प्रेक्षकाला कळू देऊ नये. (काउबॉय म्हणजे मराठीत निव्वळ गुराखी, हेही शक्यतो कळू देऊ नये.)

बास रीव्ह्ज या गृहस्थापासून विशेष सावध राहावे. १८३८ मध्ये आर्कान्सात गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस १८७५ मध्ये फोर्ट स्मिथच्या न्यायालयाचा डेप्युटी मार्शल, म्हणजे फरारी गुन्हेगार पकडून आणणारा अधिकारी, झाला आणि त्याच्या नावावर तीन हजारांहून अधिक अटका जमा आहेत. त्याला अक्षरओळख नव्हती. वॉरंटे दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, कोणत्या कागदावर कोणाचे नाव ते ध्यानात ठेवायचे आणि घोड्यावर मांड टाकायची, अशी त्याची रीत. एकदा म्हणे झिजलेले बूट आणि गोळ्यांनी भोके पडलेली टोपी घालून तो दोघा फरारी भावांच्याच घरी भटक्या म्हणून जेवला, तिथेच झोपला आणि झोपेतच त्यांना बेड्या अडकवून पहाटे घेऊन निघाला, तेव्हा त्यांची आई शिव्याशाप देत तीन मैल मागे चालत आली. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या पोटच्या मुलालाही त्यानेच पकडून आणले. अशी पटकथा कोणी आणल्यास ‘अतिरंजित वाटते’ असा शेरा मारून परत करावी आणि सहा गोळ्यांत बारा जणांना लोळवणाऱ्या नायकाची वास्तववादी पटकथा हाती घ्यावी.

काळ्या माणसाला अगदीच टाळता येईना, तर त्याला स्वयंपाकाच्या गाडीपाशी उभे करून पहिल्या तासात मारावे. २०२१ च्या ‘द हार्डर दे फॉल’ने असले तारतम्य दाखवले नाही. प्रमुख भूमिकांत सगळे काळे नट घेतले आणि कथा काल्पनिक असली तरी ही माणसे खरोखर होऊन गेली, अशी पाटी आरंभीच लावली. गोऱ्या काउबॉयांच्या चित्रपटांना अशी पाटी लावण्याची वेळ कधी आलेली नाही, यावरूनच कोण खरे ते आपल्या लक्षात यावे.

आणि चेहरा नेमका कसा होता, याचीही फार चिंता करू नये. बैलाचा ओठ दातांत धरून त्याला लोळवणाऱ्या बिल पिकेट या काळ्या काउबॉयवर अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९४ च्या मालिकेसाठी तिकीट छापले, ते त्याच्या भावाच्या चित्राचे. चूक उघडकीस आल्यावर ताव परत मागवून नवे छापले गेले. जुन्यांपैकी दीड लाख ताव मात्र, संग्राहकांची मागणी पाहून, खात्याने सोडत काढून विकले.