मोठ्या साहेबांची चप्पल

माझ्या उजव्या अंगठ्याशेजारी सध्या एक फोड आहे आणि तो कंपनीच्या कामानिमित्त आलेला आहे.

पुण्याहून मोठे साहेब येणार होते. त्यांना कोल्हापुरी भेट द्यायची म्हणून आमच्या साहेबांनी मला भर दुपारी चप्पल लाइनीत पिटाळलं. सोबत मापाचा कागद. पुण्यात कुणीतरी मोठ्या साहेबांचं पाऊल पेनानं गिरवून व्हॉट्सॲपवर टाकलेलं, इथं त्याची प्रिंट काढलेली.

दुकानातल्या मामांनी कागद उलटासुलटा बघितला. "पावणं, साहेब शाळंला जातोय काय?"

प्रिंटमध्ये पाऊल वीतभर झालं होतं.

"खरा पाय कुठाय?"

"पुण्यात."

"पायाबिगर आलाय व्हय चप्पल घ्यायला?"

फोन करून कळलं, नऊ नंबर. माझाही नऊच.

"मग झालं की. पगार किती साहेबाला?"

"माहीत नाही. बराच असेल."

"पाय एक, पगार येगळा. घाला. चाला. करकर पायजे का बिनकरकरीची?"

"साहेबांना कुठली बरी दिसेल?"

"करकरीचीच न्या. साहेब येतोय हे लांबनंच कळतंय. लोकांस्नी मोबाईल खाली ठेवाय टाइम मिळतोय." पैसे मोजता मोजता म्हणाले, "नवी हाय, चावणार. तेल लावून कुणीतरी घालून मऊ करा, मग द्या."

हे मी साहेबांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत.

"अरे, मग तूच घाल ना! माप तर एकच आहे."

दुसऱ्या दिवशी मी करकरत ऑफिसात शिरलो. मोबाईल खाली गेले, दोघं तर उभे राहिले. मग मी दिसलो. त्यानंतर दिवसभर माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

२०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा आमच्या ऑफिसात केवढा संताप! या चपलेला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचा हक्क आहे, वगैरे सगळं साहेबांनीच चहा पिता पिता ठणकावून सांगितलेलं. कारागिराचं श्रेय कारागिराला! त्याच दुपारी मी रात्री जागून केलेला रिपोर्ट त्यांच्या नावानं पुण्याला गेला. आरडाओरडा झाल्यावर प्राडानं निदान प्रेरणा कुठली ते कबूल तरी केलं. आमच्याकडे ओरडणार कोण? अप्रेझल तोंडावर आलंय.

असो. मोठे साहेब आले. चप्पल घालून केबिनभर फिरले. "वा! नवी असून काय मऊ आहे!"

"मुद्दाम करवून घेतली, सर," आमचे साहेब म्हणाले.

मी दाराशी चहाचा ट्रे धरून उभा होतो. शिपाई रजेवर होता, आणि अशा वेळी इंजिनिअरिंगची पदवी उपयोगी पडते.

चपलेचे पैसे मी खिशातून घातले होते. बिल घेऊन अकाउंट्सला गेलो, तर तिथला पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. त्याला चपलेसाठी खातंच सापडेना. शेवटी त्यानं ते 'कर्मचारी कल्याण' खाली टाकलं. साहेबांची सही झाली की मिळतील, म्हणाला. साहेब म्हणतात, "बघू, एवढं काय घाई आहे?"