नवा रिसीव्हर आला, आता तुमचं मत काय?

मार्चचा मध्य आला की अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. तुमच्या लाडक्या संघानं त्यात एक वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावून बॉल झेलणारा गडी, उचललेला असतो. पहिला सामना थेट सप्टेंबरात. मधले सहा महिने तुम्ही काय तोंडाला कुलूप लावून बसणार? बॉस्टनजवळ घर घेतलंत, गराजमध्ये बर्फ काढायचं मशीन ठेवलंत, मग हा गडी संघाच्या ऑफेन्समध्ये, म्हणजे हल्ल्याच्या खेळात, बसेल की नाही, हे सांगणं तुमचं कर्तव्यच आहे.

सुरुवात व्हिडिओपासून करा. त्यानं उडी मारून, एका हातानं घेतलेले झेल यूट्यूबवर असतातच. ते चारदा बघा. बाकीच्या साठ वेळा तो नुसता धावला आणि बॉल भलतीकडेच गेला, ते कुणी अपलोड करत नाही, त्यामुळे ते घडलंच नाही असं समजायला हरकत नाही.

मग जागा ठरवा. बॉल जिथून खेळात येतो अगदी त्या रेषेवर उभा राहतो तो एक्स, एक पाऊल मागे राहतो तो झेड, आणि आतल्या बाजूला स्लॉट. रेषेवरच्या माणसाला समोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा गडी) पहिल्याच पावलाला छातीवर धक्का देऊ शकतो, मागच्याला श्वास घ्यायला फूटभर जागा मिळते. एवढं कळलं की मान किंचित तिरकी करून म्हणायचं, ‘हा खरा एक्स नाहीये हो.’ समोरचा सहसा पुढे विचारत नाही. त्यालाही तेवढंच माहीत असतं.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा: प्लेबुक, म्हणजे संघाच्या चालींची वही. रविवारी कुणाकडे तरी जेवायला जमलेले असताना एखादा आगाऊ माणूस ताटं सरकवून समजावायला लागतो. चटणीची वाटी म्हणजे रिसीव्हर, मिठाची डबी म्हणजे कॉर्नरबॅक, पाण्याचा तांब्या म्हणजे सेफ्टी, सगळ्यात मागचा राखणदार. वाटी बारा यार्ड पुढे गेली. डबी आतल्या अंगाला असेल तर वाटीनं बाहेर वळायचं, डबी बाहेर असेल तर आत, आणि दोघंही आपापली जागा राखून उभे असतील तर मधल्या फटीत थांबायचं. हे कागदावर ठरलेलं नसतं, धावता धावता ठरवायचं. आणि क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, बॉल सोडतो तो वाटी वळायच्या आधी. म्हणजे वीस यार्डांवरच्या दोन माणसांनी त्याच क्षणी त्याच डबीकडे बघून तोच विचार करायला हवा. नवरा-बायकोला पंचवीस वर्षांत जमत नाही ते. तो पुढे बोलायच्या आत पुऱ्या वाढायला घ्या, कारण हे ऐकल्यावर मार्चमध्ये मत द्यायला काही उरतच नाही.

तो बहुतेक चॅड ओचोसिंको या रिसीव्हरचं नावही काढेल. मूळचा जॉन्सन. जर्सीवर 85, म्हणून 2008 मध्ये पठ्ठ्यानं रीतसर आडनावच ‘आठ-पाच’ करून घेतलं, तेही स्पॅनिशमध्ये. (स्पॅनिश येणारे 85 वेगळ्या शब्दांत म्हणतात, पण आडनावाला व्याकरण कोण लावतो?) सिनसिनाटीत दहा सीझन, दहा हजारांवर यार्ड. 2011 मध्ये तो क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या पेट्रियट्सकडे, म्हणजे बॉस्टनकडच्या संघाकडे, आला तेव्हा आता समोरच्यांचं काही खरं नाही, असंच वाटावं. सीझनभरात झेल किती? 15. त्याच वर्षी, त्याच ब्रेडीकडून, बुटक्या वेस वेल्करनं 122 झेल घेतले. वेल्करला ती डबी बघण्याची ब्रेडीची नजर चार वर्षांत पाठ झाली होती.

बरं, यावरून ‘आयत्या वेळी आलेल्यांना ते जमत नाही’ असा नियम करायला जाल, तर रँडी मॉस आडवा येतो. 2006 मध्ये ओकलंडला 42 झेल, पाय गेले अशी बोलवा. पेट्रियट्सनी त्याला चौथ्या फेरीच्या एका पिकच्या (नवा खेळाडू निवडायच्या हक्काच्या) बदल्यात घेतलं, म्हणजे जवळजवळ जुन्या बाजारातल्या भावानं. कॅम्पमध्ये मांडीचा स्नायू दुखावला, सरावाचा एकही सामना तो खेळला नाही. आणि पहिल्याच खऱ्या सामन्यात जेट्सविरुद्ध 9 झेल, 183 यार्ड. सीझनअखेर झेलून केलेले 23 टचडाउन (बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्टीत पोचवणं), जो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. क्वार्टरबॅक तोच ब्रेडी, कोच तोच बेलिचिक.

तेव्हा ग्रुपवर मेसेज टाकताना जपून. मार्चमध्ये लिहिलेलं सप्टेंबरात सगळ्यांच्या फोनमधून पुसता येत नाही. मजकूर असा ठेवा: ‘टॅलेंटचा प्रश्नच नाही. पण सिस्टीम पचली पाहिजे.’ गडी चालला तर पहिलं वाक्य पुन्हा फॉरवर्ड करा, पडला तर दुसरं.