‘गेममध्ये कसली आलीय गोष्ट?’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या नागभीड-ब्रह्मपुरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. पाठवणारे बदलतात, मजकूर तोच. थोडक्यात असा: गेम म्हणजे नुसता गोळीबार, त्यात ना कथा ना विचार. गेम ही जुगाराची पहिली पायरी. गेमने पोरं हिंसक होतात, व्यसनी होतात. हे शहरातल्या पैसेवाल्यांचे चोचले, त्याला लाखाचा कंप्युटर लागतो. सगळं इंग्रजीत, आपल्या मातीशी काही संबंध नाही, आणि खेड्यातल्या पोरांना असला विचारबिचार झेपतही नाही. तेव्हा मोबाईल काढून घ्या, पुस्तक द्या. खाली हात जोडल्याची चार चिन्हं.

पाठवणाऱ्यांत मला शिकवलेले मास्तर आहेत, सख्खे काका आहेत. त्यांचा हेतू वाईट नाही, काळजी खरी आहे. पण माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे, संध्याकाळी गर्दी ओसरली की गावातले पोट्टे तिथल्या जुन्या कंप्युटरवर बसतात, आणि ते काय खेळतात, खेळताना काय बोलतात हे मी रोज ऐकतो. म्हणून उत्तर देतो आहे.

‘कथा नसते’ या मुद्द्याला खरं तर एकच गेम पुरे: ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप या एकट्या माणसाने बनवलेला, २०१३ चा. गोष्टीतलं साल १९८२. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, शेजाऱ्याशी युद्ध नुकतंच थांबलेलं. सरकारी सोडतीत तुमचं नाव निघतं आणि तुम्हाला सीमेवरच्या तपासणी खिडकीत नेऊन बसवतात. काम एवढंच की समोरच्याचे कागद बघायचे आणि शिक्का मारायचा. हिरवा म्हणजे आत, लाल म्हणजे परत. नीट तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट, म्हणजे तिथले पैसे, मिळतात. रात्री त्यातूनच घरभाडं, जेवण, थंडीसाठी हीटर आणि कोणी आजारी असलं तर औषध. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढच्या प्रत्येक चुकीला पैसे कापले जातात. नियम रोज वाढत जातात, वेळ तेवढाच.

आता माझा धंदा सांगतो. आधारवर नाव ‘रामचंद्र’, सातबाऱ्यावर ‘रामा’, पासबुकावर आणखी तिसरंच. पोर्टल म्हणतं, जुळत नाही. धान विकून महिने झालेले, बोनसचे पैसे अडकलेले, आणि समोरचा म्हातारा मलाच विचारतो, “बाबू, मी मीच आहो, हे आता कोनाले सांगू?” मी काय सांगणार? दुरुस्ती करून आणा, एवढंच. दिवसभर हेच वाक्य बोलून घरी गेलं की आपणही त्या खिडकीचाच एक भाग झालो आहोत असं वाटायला लागतं.

त्या गेममध्ये एक माणूस येतो. त्याचे कागद चोख असतात. जाताना तो सांगतो, माझ्या मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा माणुसकीने वागा. ती येते. तिच्याकडे प्रवेश परवानाच नाही. परत पाठवली तर तुम्ही नियमाने बरोबर. आत सोडली तर लगेच बाजूच्या यंत्रातून चूक झाल्याची चिठ्ठी खरखरत बाहेर येते. इथे आल्यावर पोट्ट्यांचा हात माऊसवरून निघालेला मी पाहिला आहे. एकाने मला विचारलं, “भाऊ, याच्यात जिंकाचं कसं?” मला सांगता आलं नाही. गेमचे शेवट वीस आहेत, पण छाती फुगवून ‘जिंकलो’ म्हणावं असा एकही मला आठवत नाही.

गोष्ट वाचताना किंवा नाटक बघताना आपण पात्राला शिव्या घालून मोकळे होतो. त्या सावकाराने असं करायला नको होतं, त्या तलाठ्याने तसं करायला नको होतं. या गेममध्ये शिक्का आपल्या हातात असतो, म्हणून शिवी परत आपल्याकडेच येते. कथाप्रधान गेमचं सगळं बळ मला इथे दिसतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा पोराच्या खांद्यावरून दोन मिनिटं स्क्रीन पाहिली आणि मत बनवलं. खांद्यावरून हे कळत नाही. शिक्का ज्याने मारला त्यालाच ते कळतं.

दुसरं उदाहरण पटकन. ‘धिस वॉर ऑफ माइन’, पोलंडमधल्या इलेव्हन बिट स्टुडिओजचा, २०१४ चा. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला १९९२ ते १९९६ मध्ये पडलेल्या वेढ्यावरून सुचलेला. युद्धाचा गेम असून तुम्ही सैनिक नाही, पडक्या घरात लपलेली साधी माणसं आहात. रात्री अन्न शोधायला बाहेर पडायचं. एका घरात म्हातारं जोडपं राहतं. त्यांच्याकडे खायला आहे, औषध आहे, आणि ते तुम्हाला अडवू शकत नाहीत. घेऊन आलात तर तुमची माणसं जगतील. पण जी चोरी करून येते ती व्यक्ती नंतर खचते, कामाला हात लावत नाही, आणि हे तुम्हाला बघत बसावं लागतं. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा गेम शाळांच्या पूरक यादीत घेत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे असं काही सुचवलं तर पालकसभेत काय होईल याची कल्पना करून मला हसू येतं.

जुगाराच्या मुद्द्यावर मेसेज अर्धा बरोबर आहे, आणि तो अर्धा मी आनंदाने देऊन टाकतो. पैसे लावून रमी आणि ‘टीम बनवा’वाल्या ॲपांनी घरं बुडवली. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्याने पैसे लावायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स (म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) व करमणुकीचे, शिक्षणाचे खेळ त्यापासून वेगळे काढले. दिल्लीला जो फरक दिसला तो आपल्या ग्रुपच्या ॲडमिनला दिसायला हरकत नाही. पानठेल्यावर पैसे लावून पत्ते कुटणारा आणि वाचनालयात पुस्तक उघडून बसणारा, दोघेही बसलेलेच असतात.

हिंसेबद्दल लांबण लावत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक गेम आणि मुलांचा आक्रमकपणा यांचा संबंध त्यांना सापडला नाही. शिवाय ‘अंडरटेल’सारखा २०१५ चा गेम आहे, ज्यात एकालाही न मारता शेवटापर्यंत जाता येतं, आणि तुम्ही कोणाला मारलंत तर नव्याने खेळ सुरू केल्यावरही गेम ते विसरत नाही.

व्यसनाचा मुद्दा मात्र मला झटकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्याची लक्षणं वाचा. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान होत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं. पोरगं दोन तास खेळलं म्हणजे व्यसन, असं त्यात कुठेही नाही. आणि खेळाखेळांतही फरक असतो. फुकटात मिळणारे जे गेम आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतात त्यांना शेवटच नसतो. रोज हजेरी लावा, रोज बक्षीस घ्या, आज नाही आलात तर उद्या मागे पडाल, अशी त्यांची बांधणीच असते. कथेच्या गेमला शेवट असतो. ‘टू द मून’ (२०११) चार-पाच तासांत संपतो. मरायला टेकलेला जॉनी नावाचा म्हातारा, त्याला चंद्रावर जायचंय आणि का जायचंय हे त्याचं त्यालाच आठवत नाही. दोन डॉक्टर त्याच्या आठवणींत मागे मागे जात कारण शोधतात. पुढचं सांगत नाही. आमच्या दुकानात तो संपल्यावर पोट्टे काही न बोलता उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी कोणी ‘अजून एकदा लावू’ म्हणालं नाही. मला तर व्यसनावरचा तो उतारा वाटला, पण हे माझं मत.

लाखाच्या कंप्युटरचं म्हणाल तर ‘टू द मून’ आणि ‘पेपर्स, प्लीज’ माझ्या दुकानातल्या डबड्यावर चालतात, ज्यावर दोन फाइली एकत्र उघडल्या की पंखा ओरडतो. दोन्ही मोबाईलवरही आहेत. एकदा उतरवून घेतला की नेट नसलं तरी चालतं, आणि लाईन गेली तरी मोबाईलमध्ये बॅटरी असेपर्यंत. विकत घ्यावे लागतात हे खरं, पण सेलमध्ये किंमत बरीच खाली येते.

आता ‘मातीशी संबंध नाही’ आणि ‘खेड्यातल्यांना झेपत नाही’. या दोन वाक्यांचा मला राग येतो, म्हणून इथे थांबतो.

आमची ही झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातला धानाचा पट्टा. धान घरात आलं की दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाट्य कंपन्या गावोगाव निघतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं. मंडपात पोरं-म्हातारी, सालदार, मालक, सगळे शाली गुंडाळून बसलेले असतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पहाटे तीन वाजता एका सुनेच्या हालांवर रडणाऱ्या आणि खलनायकाला भरमंडपात शिव्या घालणाऱ्या लोकांना गोष्ट झेपत नाही, हे सांगणाऱ्याने एक सीझन इकडे येऊन बसावं. आणि खेळात विचार घालणं हीदेखील आपल्याला नवी गोष्ट नाही. सोंगट्यांनी पाप-पुण्याच्या घरांतून वर चढायचा मोक्षपट मराठी परंपरेत ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो.

मातीचं उदाहरण हवं तर ‘केंटकी रूट झिरो’ घ्या. पाच अंकांचा गेम, पहिला २०१३ मध्ये आला, पाचवा २०२० मध्ये. कॉनवे नावाचा वयस्कर ड्रायव्हर जुन्या वस्तूंच्या दुकानाचा शेवटचा माल पोचवायला निघतो. वाटेत पाय दुखावतो. उपचार होतो, त्याची उधारी चढते. मग दारूच्या भट्टीत हातात आलेला एक महागडा प्याला, आणि त्याची किंमत अंगमेहनतीने फेडायची. वाटेवर पाणी भरून बंद पडलेली कोळशाची खाण आहे, तिथे मेलेल्या कामगारांच्या आठवणी आहेत, आणि सगळ्याची मालक होऊन बसलेली एक वीज कंपनी आहे. अमेरिकेतल्या केंटकीची गोष्ट आहे, पण वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या माणसाला आणि दवाखान्याच्या बिलासाठी वावर गहाण टाकलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. पुण्या-मुंबईच्या पोरापेक्षा आमच्या पोट्ट्याला ती आधी कळेल, अशी माझी खात्री आहे. गंमत म्हणजे इथे तुमच्या निवडीने कथेचा शेवट बदलत नाही. कॉनवे काय बोलेल, त्याला काय आठवेल, एवढंच तुम्ही ठरवता. कर्जात रुतलेल्या माणसाच्या हातात तसंही दुसरं काय उरतं? गेम संथ आहे, काही जणांना झोप येईल, ते आधीच सांगून ठेवतो.

देशी गेमही आहेत. कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांच्या उपक्रमातून २०१६ मध्ये आलेला ‘मिसिंग’ मोबाईलवर फुकट मिळाला, त्यात तुम्ही पळवून विकलेल्या मुलीच्या जागी असता. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) दिसायला अप्रतिम, भावाला शोधणाऱ्या मुलीची पुराणातल्या असुरांशी लढाई. मात्र गोष्ट म्हणून तो मला पातळ वाटला. गेम आपला आहे म्हणून जास्त मार्क देणार नाही.

इंग्रजीच्या मुद्द्यावर मेसेजचं म्हणणं मान्य. मोठा कथाप्रधान गेम मराठीत खेळायला मिळाल्याचं मला तरी आठवत नाही, आणि ही अडचण पैशापेक्षा मोठी आहे. आमच्याकडे यावर उपाय म्हणून दोघं जण बसतात. कॉलेजला जाणारा वाचतो आणि आपल्या बोलीत सांगतो, दुसरा माऊस धरतो. वेळ दुप्पट लागतो, आणि निम्मा वेळ भांडण्यात जातो की तिला सोडायचं की नाही. पण ही अडचण भाषेची आहे. गेममध्ये काही नसतं, हा आरोप त्यातून सिद्ध होत नाही. जगातलं कितीतरी चांगलं साहित्यही मराठीत आलेलं नाही, म्हणून ते साहित्य वाईट असं कोणी म्हणत नाही.

राहिलं ‘पुस्तक द्या’. द्या की. कोणी अडवलंय? ‘डिस्को एलिझियम’ (२०१९) हा गेम म्हणजे जवळपास दहा लाख शब्दांचा मजकूर आहे. स्मृती गेलेला एक दारुडा पोलीस, संपावर गेलेलं बंदर, एक खून. तो खेळणारा वाचतच असतो.

सुरुवात कुठून करायची, तर नववी-दहावीच्या पोराला ‘बरी मी, माय लव्ह’ द्या. सीरियातून युरोपकडे एकटी निघालेली नूर आणि मागे राहिलेला तिचा नवरा माज्द यांचं सगळं बोलणं मोबाईलच्या मेसेजांमधूनच चालतं, आणि नवऱ्याची उत्तरं आपण निवडायची. इंग्रजी सोपं, वाक्यं छोटी. ‘धिस वॉर ऑफ माइन’ आणि ‘मिसिंग’ सोळा-सतरा वर्षांच्या पुढे, आणि शक्यतो मोठं कोणी सोबत असताना. ‘डिस्को एलिझियम’ इंग्रजीवर हात बसल्यावर, घाई करू नका. आणि ‘पेपर्स, प्लीज’ मेसेज पाठवणाऱ्या काकांसाठी. आमच्या दुकानात कंप्युटर आठनंतर मोकळा असतो, वाचून मी सांगेन, शिक्का त्यांनी मारायचा.