गाडी पाहावी की तिचा जन्मदाखला?

नागपुरातल्या अनेक व्हॉट्सॲप समूहांवर, पंधरा वर्षांवरील सरकारी वाहने मोडीत काढण्याच्या नियमाची बाजू घेणारा एक मजकूर सध्या पुन्हा पुन्हा येऊन पडतो आहे. त्याचा आशय असा की, पंधरा वर्षे पूर्ण झालेले सरकारी वाहन म्हणजे चालतेफिरते भंगार असते. ते धूर ओकते, त्याच्या ब्रेकचा भरवसा नसतो आणि नव्या गाडीच्या किमतीइतका पैसा ते दुरुस्तीत खाते. सरकारी यंत्रणेला त्याचे दुसरे काही करताही येत नाही. ते मोडीत काढले की धातू परत मिळतो आणि जुन्या लिलावांतला भ्रष्टाचार थांबतो. शिवाय सामान्य माणसाच्या गाडीलाही हाच नियम लागू असल्यामुळे सरकारने आधी स्वतःच्या अंगणापासून सुरुवात केली, हे योग्यच झाले. यात उधळपट्टी पाहणारे लोक एक तर अडाणी किंवा कबाड्यांचे हस्तक, असा शेराही शेवटी मारलेला आहे.

मी कबाडी नाही. एका सार्वजनिक संस्थेच्या वाहन विभागात लॉगबुके तपासण्यात आणि निर्लेखनाचे, म्हणजे गाडी सेवेतून कायमची काढून टाकण्याचे, प्रस्ताव तयार करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, आणि त्या काळात कितीतरी गाड्या मोडीत काढाव्यात म्हणून मीच टिपणी लिहिलेली आहे. त्यामुळे मोडीत काढण्यालाच माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. माझा आक्षेप आहे तो गाडी न पाहता तिचा जन्मदाखला पाहून निकाल देण्याला.

आधी नियम काय आहे ते सांगतो, कारण त्या मजकुरात तोच नीट सांगितलेला नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. केंद्र आणि राज्य सरकारांची खाती, महापालिका, एसटीसारखे परिवहन उपक्रम, सार्वजनिक कंपन्या आणि स्वायत्त संस्था असे सगळेच त्यात आले. अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच तोडली गेली पाहिजेत. या निर्णयाचे सूतोवाच आपल्याच शहरात झाले होते: नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲग्रोव्हिजन कृषी प्रदर्शनात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी संबंधित फाइलवर सही केल्याचे सांगितले होते, आणि पुढे जानेवारीत अशा वाहनांची संख्या ९ लाखांहून अधिक असल्याचेही त्यांनीच म्हटले होते.

आता मजकुरातील सर्वांत चुकीचे विधान प्रथम घेतो, ते म्हणजे ‘सामान्य माणसालाही हाच नियम आहे’ हे. तसे मुळीच नाही. खासगी मोटारीला १५ वर्षे झाली की मालक ती आरटीओकडे नेतो, तपासणी करून घेतो, शुल्क भरतो आणि गाडी योग्य ठरली तर पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. त्यानंतर पुन्हा पाच वर्षांसाठी मिळू शकते. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, पण ते मिळत असेल तर सोळाव्या वर्षीही ट्रक रस्त्यावर राहतो. काही शहरांतील न्यायालयीन आदेश आणि काही परवान्यांच्या विशेष अटी असतील तर तो भाग वेगळा. म्हणजे एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन जीपपैकी खासगी जीपला परीक्षेला बसता येते आणि सरकारी जीपला परीक्षा न घेताच नापास ठरवले जाते. ‘आधी स्वतःपासून सुरुवात’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. परंतु सरकारने इथे जो नियम स्वतःला लावला, तो इतरांना लावलेलाच नाही. ती जीप जनतेच्या पैशातून घेतलेली असल्यामुळे या फरकाची किंमतही जनताच मोजते.

दुसरा मुद्दा दुरुस्तीच्या, आणि त्यासोबत इंधनाच्या, खर्चाचा. मजकुराचा सगळा भार त्यावरच असल्याने येथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

साहेबांसाठी असलेली एक मोटार घ्या, जी वर्षाला ३०,००० किलोमीटर धावते. जुनी मोटार लिटरला १० किलोमीटर देत असेल आणि नवी १५ देणार असेल, तर जुनीला वर्षाला ३,००० लिटर आणि नवीला २,००० लिटर इंधन लागेल. लिटरमागे ९० रुपये धरले तर वर्षाला ९०,००० रुपये नुसत्या इंधनात वाचतात. नवी मोटार १० लाखांची धरली आणि व्याजाचा दर सात टक्के धरला, तर तिच्यात अडकलेल्या पैशाचे वर्षाचे व्याज ७०,००० रुपये होते. म्हणजे येथे मजकूर लिहिणाऱ्याचे म्हणणे खरे आहे, ती मोटार बदललीच पाहिजे. पण थांबा: दर वर्षी ३०,००० किलोमीटर धावलेली मोटार पंधराव्या वर्षी साडेचार लाख किलोमीटरवर पोहोचलेली असते. ती दहाव्या वर्षीच बदलायला हवी होती. पंधराव्या वर्षाची वाट पाहण्यात पाच वर्षांचा तोटा आधीच झालेला आहे.

आता अग्निशमन दलाचा बंब घ्या. समजा, तो वर्षाला २,००० किलोमीटर धावतो. जुना बंब लिटरला ३ आणि नवा ४ किलोमीटर देतो असे धरले तर फरक पडतो सुमारे १६७ लिटरचा, म्हणजे साधारण १५,००० रुपयांचा. त्यात जुन्यावरचा जादा दुरुस्तीखर्च वर्षाला एक लाख मिळवा. एकूण झाले एक लाख पंधरा हजार. नवा बंब ४० लाखांचा धरला तर सात टक्के दराने केवळ व्याजच दोन लाख ऐंशी हजार होते, आणि त्यात घसारा अजून धरलेलाच नाही. हे आकडे मी हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. ज्याला शंका असेल त्याने आपल्या लॉगबुकातले खरे आकडे घालून हाच हिशेब करावा. कमी धावणाऱ्या आणि महाग बांधणीच्या गाड्यांच्या बाबतीत उत्तर फारसे बदलणार नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बंब, गटारे साफ करणारी जेटिंग मशीन, पंप बसवलेले टँकर या गाड्यांचे इंजिन उभ्या जागीही तासन्‌तास चालते, कारण पंपाला जोर त्याच इंजिनातून मिळतो, आणि तेवढा वेळ किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. त्यामुळे केवळ किलोमीटर पाहून ‘गाडी नवीसारखी आहे’ म्हणणारेही फसतात. अशा गाडीवर तासांचा मीटर असावा लागतो आणि तो चालू असावा लागतो. आमच्याकडे तो बहुतेक वेळा बंदच असे, ही कबुली मी देतो.

माझ्या नोकरीतले एक उदाहरण डोक्यातून जात नाही. संस्थेचे नाव घेत नाही. पाण्याचा एक टँकर होता, पंधरा वर्षांत जेमतेम साठ हजार किलोमीटर चाललेला. चौदाव्या वर्षी त्याचे पूर्ण इंजिनकाम झाले होते, मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलले होते आणि टाकी नव्या पत्र्याची बसवली होती. आमचा मिस्त्री म्हणे, “साहेब, हा आणखी सहा वर्षे बोलणार नाही.” पुढच्या वर्षी नोंदणीची तारीख संपली आणि टँकर आवारातल्या कडुलिंबाखाली उभा राहिला. नव्या टँकरच्या मंजुरीची फाइल फिरत राहिली आणि मधला संपूर्ण उन्हाळा आम्ही भाड्याचा टँकर लावला. तो भाड्याचा टँकर किती जुना होता हे मी मुद्दाम त्याच्या कागदपत्रांत पाहिले: आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण खासगी, आणि योग्यता प्रमाणपत्र असलेला. नियमाच्या दृष्टीने सगळे काही रीतसर होते.

प्रदूषणाविषयी मजकुरात जे म्हटले आहे त्यातला अर्धा भाग निर्विवाद आहे. वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी भारत स्टेज चार ही मानके देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यामुळे २००८ सालचे डिझेल इंजिन आजच्या इंजिनापेक्षा दर किलोमीटरला कितीतरी अधिक काजळी सोडते, हे कोणी नाकारू नये. पण हवेत जाते ते प्रमाण गुणिले अंतर. दिवसाला २०० किलोमीटर धावणारी शहर बस तीनशे दिवसांत ६०,००० किलोमीटर कापते, म्हणजे वर उल्लेख केलेल्या तीस बंबांइतके अंतर ती एकटी तोडते. धूर कमी करायचा असेल तर पैसा आधी त्या बसवर, कचरा गाड्यांवर आणि रोज धावणाऱ्या मोटारींवर खर्च व्हावा. उपलब्ध निधीतला मोठा वाटा आठवड्यातून एकदा हलणाऱ्या गाडीवर घालवला तर हवेला त्याचा उपयोग थोडाच. त्यातच नव्या इंजिनांची एक अडचण अशी की, त्यांच्या धुराड्यातली काजळी अडवणारी गाळणी स्वतःला साफ करण्यासाठी इंजिन काही काळ चांगले तापून चालावे अशी अपेक्षा करते. दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीत ती तुंबते. अशी गाडी घेऊन ती कमी चालवणाऱ्या कार्यालयांना हा अनुभव येऊ लागला की मग त्याही गाड्या कडुलिंबाखाली दिसतील.

सुरक्षिततेचा मुद्दा मी हलका मानत नाही. रबर वयाने म्हातारे होते, धावण्याने नव्हे. नागपूरच्या उन्हात, जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, उभ्या गाडीचे टायर आणि ब्रेकचे होज तडकतात, आणि किलोमीटर कमी आहेत म्हणून ते सुरक्षित मानणे हा शुद्ध वेडेपणा होईल. परंतु टायर आणि होज बदलता येतात. बदलता येत नाही ती गंजलेली चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, आणि त्या बाबतीत आपले कोरडे हवामान उपकारकच आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारा वारा झेललेली गाडी आणि नागपुरात त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतक्या पावसात उभी राहिलेली गाडी पंधराव्या वर्षी सारख्याच झिजलेल्या असतील, असे कोणत्या मिस्त्रीला पटेल? चासी हातोडीने ठोकून, गाडी खड्ड्यावर घेऊन पाहिली की दहा मिनिटांत उत्तर मिळते.

धातू परत मिळतो, हे खरे आहे आणि पोलादाचा पुनर्वापर चांगलाच. पण भंगाराच्या काट्यावर चालू पंपाचा किलो आणि गंजलेल्या पत्र्याचा किलो यांत फारसा फरक केला जात नाही. राहिला लिलावातला भ्रष्टाचार. जुन्या खुल्या लिलावांत ठरावीक माणसांची साखळी असे, निर्लेखित गाडीचे कागद आणि चासी क्रमांक चोरीच्या गाड्यांना चिकटवले जात, हे मी जवळून पाहिलेले आहे. भंगार केंद्राची अट या रोगावर औषध आहे आणि ती राहावी. जी गाडी मोडायची ठरली ती तिथेच मोडावी. मात्र कोणती गाडी मोडायची, हा त्याआधीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर लिलावाच्या पद्धतीत सापडत नाही.

सरकारी यंत्रणेला जुन्या गाडीचे दुसरे काही करताच येत नाही, असेही मजकुरात सुचवलेले आहे. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि आपल्या हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत बसगाड्यांची बांधणी करणारे कामगार हे वाचून हसतील. २०२० साली टाळेबंदीत प्रवासी थांबले, तेव्हा एसटीने जुन्या बसगाड्यांची आसने काढून, खिडक्या बंद करून त्या मालवाहतुकीला लावल्या. पुण्यात पीएमपी या शहर बससेवेच्या जुन्या बसगाड्यांतून महिलांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहे उभी राहिली. गाडीचे एक काम संपले म्हणजे तिची सगळी कामे संपली असे नसते, हे सार्वजनिक संस्थांना पूर्वीपासून माहीत आहे.

मूळ नियमालाही ते माहीत असावे. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरली जाणारी चिलखती आणि विशेष वाहने त्यातून वगळलेली आहेत. कारण उघड आहे: ती थोडी धावतात, बांधणीला महाग असतात आणि ऐनवेळी हजर असावी लागतात. हे तिन्ही निकष बंबाला लागू पडतात, फिरत्या दवाखान्यालाही पडतात. तरी त्या वगळलेल्या यादीत त्यांचे नाव नाही.

या सगळ्यावर मला अनेकदा ऐकवले जाते की, एकदा सूट दिली की कार्यालये मेलेल्या गाड्या कागदावर धावत्या ठेवतील आणि त्यांच्या नावाने डिझेल काढतील. ही भीती खरी आहे. असे डिझेल निघाल्याचे मी पाहिले आहे. परंतु ती चोरी चौदाव्या वर्षाच्या गाडीवरही होते आणि पाचव्या वर्षाच्या गाडीवरही. तिच्यावर उपाय म्हणजे सरकारी गाडीलाही खासगी व्यावसायिक वाहनाप्रमाणे दर वर्षी बाहेरच्या केंद्रात योग्यता तपासणीला पाठवणे, आणि त्या तपासणीचा निकाल, वर्षाचे किलोमीटर, इंजिनाचे तास आणि तीन वर्षांचा दुरुस्तीखर्च निर्लेखनाच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर छापणे. आमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर नोंदणीची तारीख असे. किलोमीटरचा रकाना चौथ्या पानावर होता, आणि बहुतेक वेळा तिथे ‘मीटर बंद’ एवढेच लिहिलेले असे.