ओरड आधी!

आठवीला बेळगावच्या हायस्कुलात नाव घातलं तेव्हा मला कन्नड येत होतं. म्हणजे वाचता येत होतं. गावच्या मराठी शाळेतही कन्नडचा तास असायचाच, आणि त्या लिपीची माया अशी की अक्षरं ओळखीची झाली की धडा घडाघडा वाचता येतो. तो कळलाच पाहिजे अशी तिची काही अट नाही.

शाळा एक, माध्यमं दोन. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, मध्ये हेडसरांची खोली. कर्नाटकातली शाळा जूनच्या तोंडालाच उघडते. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माझा आतेभाऊ तेव्हा आणखी दोन आठवडे फणसावर ताव मारायला मोकळा. 1956 साली भाषावार प्रांतरचनेत बेळगाव तिकडे गेलं ते पुढे इतिहासात शिकलो, पण सीमाभागावरचा अन्याय मला कळला तो असा.

प्रार्थनेला नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, सगळे एका सुरात म्हणत. तिथं पाठांतर कामाला यायचं. खरी परीक्षा त्यानंतर. हेडसर सूचना द्यायचे, आधी कन्नडमध्ये, सविस्तर, हातवाऱ्यांसकट. मग तीच सूचना मराठीत, दीड वाक्यात. तोवर आमच्या रांगा कन्नड रांगांच्या तोंडाकडे बघत उभ्या. त्यांचे चेहरे पडले की चाचणी, कुजबुज झाली की फी. जुलैत पावसानं झोडपायला सुरुवात केली की डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, शाळांना सुट्टी द्यायचे. उजवीकडून जल्लोष उठायचा.

"काय म्हंटले गा?"

"काय की. ओरड आधी!"

आणि आम्ही ओरडायचो, निव्वळ विश्वासावर. एकदा ओरडून घसा बसल्यावर मराठीतली सूचना आली: आंतरवर्गीय खो-खोत कन्नड माध्यमाचा आठवीचा वर्ग जिंकला. हरलेला वर्ग आमचा होता.

दुसरा घोळ सरांचा. आडनावावरून माणसाची भाषा ओळखायची सोय या भागात नाही. पाटील, देसाई, कुलकर्णी, सगळे दोन्हीकडे. आमच्याकडे पाटील सरच दोन. एक खानापूरकडचे मराठी, दुसरे बैलहोंगलकडचे कन्नड, आणि मिशा दोघांच्याही सारख्याच भरघोस. लघवीला जायचं तर कुठल्या भाषेत विचारायचं हे ठरेपर्यंत घंटा व्हायची. शेवटी "होगि बरले, सर?" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी घोटून ठेवलं. ते मराठी पाटलांच्या वाट्याला गेलं की ते म्हणायचे, "जा की." घाईत कन्नड पाटलांना मराठीतच विचारलं गेलं, तर तेही म्हणायचे, "जा, लवकर ये." मराठीत! मग एवढं घोटलं कशाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

याच कन्नड पाटलांनी एकदा मला धडा वाचायला उठवलं. मी अर्धं पान न अडखळता वाचलं. स्वल्पविरामाला थांबलो, प्रश्नचिन्हाला आवाज चढवला, उद्गारचिन्हाला तर मान सुद्धा हलवली. सरांनी चष्मा काढला.

"छलो ओदिदी!"

शाबासकी ओळखायला भाषा लागत नाही. मी बसणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अर्थ हेळप्पा."

पानावर एक चित्र होतं. म्हातारा, बैल आणि झाड. मी त्या भांडवलावर गोष्ट उभी केली: म्हाताऱ्याचा बैल हरवतो, म्हातारा झाडाखाली रडतो, बैल आपसूक परत येतो. सर मन लावून ऐकत होते, शेवटी तर जरा हळवेही झाले असावेत. धडा वृक्षारोपणाचा होता. बैल चित्रकारानं स्वतःच्या हौसेनं काढला होता.

एसएसएलसीला, म्हणजे तिकडच्या दहावीला, तेव्हा एकूण 625 मार्क होते, त्यातले पुरे 100 या कन्नडचे. बैलाच्या भरवशावर ते पदरात पडणार नव्हते. म्हणून दुपारच्या सांबार-भातावर मी कन्नड माध्यमातल्या एकाशी करार केला. त्यानं मला धड्यांचा अर्थ सांगायचा, मी त्याला गणितं सोडवून दाखवायची. आम्ही सगळा पावसाळा इमानेइतबारे हा व्यवहार पाळला. तो अर्थ सांगताना अधूनमधून छताकडे का बघतो, ते चाचणी जवळ आल्यावर समजलं. पठ्ठ्याच्या घरी सगळे मराठीच बोलायचे, आणि धडे तोही माझ्यासारखेच वाचायचा.

चाचणीत मला कन्नडमध्ये त्याच्याइतकेच मार्क पडले, त्याला गणितात माझ्याइतकेच. दोन्ही आकडे इथं लिहिण्यासारखे नाहीत.